मागे दिसणारा पिवळा डाग

धाकटीने चौतीस वर्षं माणसांच्या आतले फोटो काढले. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत, अंगावर शिशाचा जड एप्रन चढवून ती रोज साठ-सत्तर जणांना सांगायची, "श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका." आणि माणसं ऐकायची. घरात जन्मभर कुणाचं न ऐकलेली माणसंसुद्धा तिथे मुकाट्याने ऐकायची. ती निवृत्त झाली तेव्हा खात्यातल्या लोकांनी मिळून तिला एक चांगला कॅमेरा भेट दिला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मॅडम, आता कातडीच्या बाहेरचं काहीतरी काढा.'

ते तिने फारच मनावर घेतलं. पहिल्या वर्षी तिने परसातल्या पक्ष्यांचे आणि किड्यांचे हजारेक फोटो काढले आणि त्यातले नऊशे ऐंशी धड नव्हते. नाकतोड्याला 'हलू नका' सांगून काही उपयोग नसतो, हे कळायला तिला बरेच महिने लागले. नवरा छापखान्यात प्रुफं तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. त्याला समोर येईल त्यात चूक शोधायची सवय. तो फोटो हातभर लांब धरून विचारायचा, "यात पक्षी कुठे आहे?"

"उडाला."

"मग खाली तसं लिही. पक्षी, उडाल्यानंतर."

पण चार वर्षांत तिचा हात बसला. विटेवर कोपर टेकवायचं, श्वास आपणच धरायचा, आणि किडा जिथे आहे तिथे बघण्यापेक्षा तो जिथे येणार आहे तिथे बघायचं. कात टाकणारा सुरवंट, पाठीवर इवल्या पिल्लांचा ढीग घेऊन चाललेली कोळीण, पालीच्या पावलाखालच्या बारीक रेघा, असं काय काय तिच्याकडे जमलं होतं. बासष्टाव्या वर्षी तिचे गुडघे कुरकुरायचे, तरी मुंगीसाठी ती जमिनीवर पालथी पडायची. उठताना मात्र नवऱ्याला हाक मारावी लागे.

तिला धाकटी म्हणायचे कारण ती घरातली धाकटी सून. थोरली शेजारच्याच घरात राहायची. दोघा भावांनी शेजारी शेजारी घरं बांधली होती आणि मागच्या परसात छातीइतक्या उंचीची एक भिंत घातली होती. थोरल्या भावाला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या त्यालाही तेवढीच. एक परसात आली की दुसरी आत जायची. कधी काही ठरलं नव्हतं, पण ठरल्यासारखं चाललं होतं. धाकटीचा नवरा तेवढा दर रविवारी वहिनीकडे जाऊन दहा मिनिटं बसून यायचा.

त्या वर्षी उन्हं तापायला लागली तसा धाकटीला एक खजिनाच सापडला. भिंतीवरून गेलेल्या जुन्या लोखंडी नळावर एका कुंभारीण माशीने घर बांधायला घेतलं. ही बारीक कंबरेची, काळी-पिवळी माशी. ती तोंडात ओल्या मातीची गोळी आणते, तिची पट्टी करून लावते, आणि पुन्हा गोळी आणायला जाते. अशा शेकडो खेपांत एक मातीची नळी होते. मग त्यात कोळी भरायचे, अंडं घालायचं आणि तोंड बंद करायचं. धाकटीने ठरवलं, हिचं घर पहिल्या गोळीपासून शेवटपर्यंत टिपायचं. तिने एका उंच स्टुलाशेजारी ट्रायपॉड रोवला, कॅमेरा नळाकडे तोंड करून पक्का बसवला, आणि रोज सकाळी नऊ ते अकरा तिथे ठाण मांडलं. माशी आली की खटका; भिंतीपलीकडे कोण आहे, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. कुठल्या फोटोची वेळ काय, ते कॅमेरा आपोआप नोंदवत होता.

पाचव्या दिवशी ती जेवणानंतर फोटो मोठे करून बघत होती, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. माशी सुरेख आली होती. मागची हिरवळ धूसर, मऊ. पण बऱ्याच फोटोंत त्या हिरव्याच्या मध्यावर एक पिवळा डाग होता.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"तुमच्या वहिनी. त्यांचा पिवळा गाऊन. फोटोच्या मधोमध येऊन उभ्या राहतात."

"त्यांचं परस आहे. त्या उभ्या राहणारच."

"पण मी बाहेर असताना? आणि इतका वेळ?"

ती हे चिडून म्हणाली होती, पण म्हणाल्यावर तिच्याच मनात ते अडकून बसलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं की फिल्म हातात आली की आधी चारी कोपरे बघायचे. माणूस बरगडी दुखते म्हणून आलेला असतो आणि दुखणं खांद्यात दडलेलं असतं. तिने फोटो पुन्हा पहिल्यापासून लावले आणि माशीकडे न बघता फक्त मागे बघायला सुरुवात केली. नऊ वाजून बारा मिनिटं, पिवळा डाग डावीकडच्या मोठ्या कुंडीशी. नऊ एकतीस, त्याच कुंडीशी. नऊ पन्नास, तिथेच. दहा वाजून पाच, दहा एकवीस, दहा चाळीस. आदल्या दिवशीचंही तेच. त्याच्या आदल्या दिवशीचंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी बसली, पण आज तिने लांबचं टिपणारी लेन्स लावली होती. माशी आली, गोळी लावून गेली, पुन्हा आली. धाकटीने फोकसची कडी हळूहळू फिरवली. माशी विरघळत गेली आणि मागचं सगळं स्पष्ट झालं. असं चोरून एखाद्याच्या परसात डोकावताना तिला अगदी कानकोंडं झालं, पण तिने डोळा काढला नाही, खटका दाबत राहिली.

थोरली झारी घेऊन आली. मोठ्या कुंडीत पाणी घातलं. झारी रिकामी केली, आत गेली. वीस मिनिटांनी पुन्हा झारी भरून आली आणि त्याच कुंडीत पाणी घातलं. कुंडीतलं झाड केव्हाच कुजून काळं पडलं होतं. पाणी काठावरून ओसंडून खाली वाहत होतं आणि कुंडीभोवती घोटाभर चिखल झाला होता. इतक्या कोरड्या दिवसांत कुंभारणीला ओली माती मिळते कुठून, हे कोडं धाकटीला पाच दिवस पडलं होतं. ते तिच्या डोळ्यांदेखत सुटलं. माशी भिंतीपलीकडे उतरली, थोरलीच्या पावलाशी बसली आणि तिथल्याच चिखलाची गोळी घेऊन वर आली.

चौथ्या खेपेला थोरलीच्या हातात झारीच नव्हती. मोकळा हात तिने कुंडीवर तिरका धरला, पाणी पडल्याएवढा वेळ थांबली, आणि आत गेली.

धाकटी स्टुलावरून उठली ती थेट नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने फोटो दाखवले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"रविवारी तुम्हाला काही जाणवलं नाही?"

"त्यांनी मला दोनदा विचारलं, पाणी हवं का म्हणून. मला वाटलं, आग्रह करतायत." तो ओशाळला. "वहिनी बोलतात कमी आणि मी ऐकतो कमी. मुलाला फोन करूया."

थोरलीचा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. आठवड्यातून दोनदा त्याचा फोन यायचा, तोही खरखरीतून. तो कुठल्या समुद्रात आहे हे शोधायलाच दोन दिवस गेले असते.

"करू," धाकटी म्हणाली. "पण आधी मी जाऊन येते."

"तू?"

"मग कोण? मला दिसलंय."

हे शब्द तोंडातून गेले आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. कारण सहा वर्षांपूर्वीचं सगळं भांडण याच शब्दांवरून झालं होतं.

थोरल्या दिरांचा खोकला हटत नव्हता म्हणून त्यांना इस्पितळात आणलं होतं, आणि त्यांचा छातीचा एक्स-रे धाकटीनेच काढला होता. फिल्म दिव्यापुढे धरली तेव्हाच तिला कळलं. असे डाग तिने आयुष्यात शेकड्यांनी बघितले होते. दाराबाहेर बाकावर थोरली बसली होती. तिने सरळ विचारलं, "काय दिसलं गं?" आणि धाकटी म्हणाली, "डॉक्टर सांगतील, जाऊबाई." नियमच तसा होता. तंत्रज्ञाने निदान सांगायचं नाही, सांगितलं तर नोकरी जाते. नेमके मोठे डॉक्टर रजेवर होते आणि रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले. पुढे दोन महिन्यांत दीर गेले. दिवसकार्य उरकल्यावर थोरली एवढंच म्हणाली, "तुला दिसलं होतं. माझ्या तोंडाकडे बघून तू गप्प बसलीस." ते तिचं शेवटचं वाक्य. धाकटीने नियमाचं कारण सांगून बघितलं, नवऱ्याकरवी निरोप धाडून बघितला, मग तिलाही राग आला आणि तिनेही सोडून दिलं.

ती पुढच्या दाराने गेली. बेल वाजवली. फोटो काढलेत हे कसं सांगायचं, थोरली काय म्हणेल, दार तोंडावर आपटेल का, या सगळ्याची उत्तरं ती मनात जुळवत होती. दार उघडलं. थोरलीच्या गाऊनची बटणं एकआड एक लागली होती. तिने धाकटीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं, ये ना. बाहेर काय उभी राहिलीस परक्यासारखी? चहा टाकते."

धाकटी शिव्या ऐकायची तयारी करून आली होती. या स्वागताची तिची काही तयारी नव्हती.

"आणि हे दिसले नाहीत का तुला बाहेर?" आत जाता जाता थोरली म्हणाली. "फाटक रंगवतायत. दोनदा टेकले, तिसऱ्यांदा बसले. मी म्हटलं, आळस पुरे आता, संध्याकाळच्या आत संपलं पाहिजे."

स्वयंपाकघरात जळका वास होता. शेगडीवर एक पातेलं कोळशासारखं काळं झालं होतं, पण सुदैवाने खालची आच कुणीतरी, बहुतेक तिनेच, बंद केली होती. टेबलावर गोळ्यांची पाकिटं पसरली होती. धाकटीने एक उचललं. रक्तदाबाची, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. रोज एक. पाकिटावर औषधवाल्याने लिहिलेल्या तारखेपासून मोजलं तर अठरा दिवसांत चाळीस गोळ्या संपल्या होत्या.

"जाऊबाई, ही गोळी कितीदा घेता?"

"सकाळी एक. आज घ्यायची राहिलीच बघ." थोरलीने हात पुढे केला.

धाकटीने पाकीट मुठीत घट्ट धरलं. "मी देते नंतर. जेवलात का?"

"जेवले की. मीठ नाही घालत हं मी आता, एक कणभर नाही. डॉक्टरांनी कमी करा म्हटलं होतं, मी म्हटलं, कमी कशाला, बंदच करते." ती लहान मुलीसारखी हसली आणि तिने धाकटीचा हात धरला. "किती दिवसांनी आलीस गं. रुसली होतीस का माझ्यावर?"

"नाही हो."

"मग झालं तर."

चहा काही झाला नाही. थोरली पातेलं शोधत राहिली. धाकटी तिथे दहा मिनिटं बसली आणि त्या दहा मिनिटांत एक विचार तिच्या मनात येऊन गेला, जो पुढे तिने फक्त नवऱ्याला सांगितला. जाऊ तिच्याशी हसून बोलत होती. सहा वर्षांचा अबोला पुसून गेला होता. ही बरी झाली की तो परत येईल. आणि आपण तिला बरं करायला निघालोय.

मग तिने थोरलीच्या गाऊनची बटणं नीट लावली आणि नवऱ्याला टॅक्सी आणायला सांगितलं.

इस्पितळात अजून तिला सगळे ओळखत होते. तिने डॉक्टरांपुढे गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि कॅमेरा ठेवला. डॉक्टरांनी आधी माशी बघितली, मग तिने बोट ठेवलं तिथे बघितलं, मग वेळा बघितल्या. रक्त तपासायला पाठवलं. दोन तासांनी ते बाहेर आले.

"रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय. मीठ बंद, वर गोळी दुप्पट. डोकं चालणार कसं? अजून चार दिवस गेले असते तर झटके आले असते, किंवा बेशुद्ध सापडल्या असत्या."

"बऱ्या होतील?"

"हळूहळू भरून काढावं लागेल, घाई करून चालत नाही. बऱ्याचशा होतील. वयाचा विसरभोळेपणा किती आणि याचा किती, ते नंतर कळेल."

पहिले दोन दिवस थोरली वॉर्डात सगळ्यांशी गप्पा मारत होती. धाकटीला जवळ बसवून तिने लग्नातल्या, बाळंतपणातल्या, सासूबाईंच्या कंजूषपणाच्या गोष्टी सांगितल्या. दोघी इतक्या हसल्या की नर्सने डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने धाकटीला विचारलं, "हे का आले नाहीत भेटायला?" धाकटीने तिची चादर सारखी केली आणि म्हणाली, "येतील." आपण खोटं बोललो की दयेने बोललो, हे तिला ठरवता येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन वॉर्डात शिरली तेव्हा थोरली उशीला टेकून बसली होती. नजर स्थिर, धारदार, जुनी. ती नजर धाकटीवर आली, क्षणभर थांबली, आणि थोरलीने मान भिंतीकडे वळवली.

धाकटीने डबा टेबलावर ठेवला. बाहेर बाकावर येऊन ती ढसाढसा रडली. नवरा शेजारी बसला होता.

"बऱ्या झाल्या," ती नाक पुसत म्हणाली.

"मग हे रडणं कशाचं?"

"त्याचंच."

बाराव्या दिवशी मुलगा आला. उंच, उन्हाने रापलेला, खांद्यावर भलीमोठी बॅग. त्याने काकूला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. "काकू, तू नसतीस तर..." आईला घरी आणल्यावर त्याने गोळ्यांसाठी वारांची नावं असलेला डबा आणला, शेगडीला आपोआप बंद होणारी किल्ली बसवली, आणि आईने काकूकडे राहायला जावं म्हणून दोन दिवस तिच्या मागे लागला. थोरलीने साफ नकार दिला. "माझं घर आहे. गोळ्या मी घेईन. आणि मीठसुद्धा खाईन, झालं?"

जायच्या आदल्या दिवशी मुलगा धाकटीकडे आला. "आई विचारत होती, तुझ्याकडे तिचे फोटो आहेत म्हणे. डॉक्टर बोलून गेले. तिला ते बघायचेत."

धाकटी कॅमेरा घेऊन गेली. थोरली मागच्या पायरीवर बसली होती. तिने शेजारची जागा दाखवली नाही, पण थोडी सरकली. धाकटी बसली.

"दाखव."

धाकटीने एकेक फोटो पुढे सरकवला. थोरली बघत होती. झारी घेऊन येणारी ती. पुन्हा ती. काळं पडलेलं झाड. पुन्हा ती. मोकळा हात कुंडीवर तिरका धरलेली ती. तिथे थोरलीने धाकटीचं मनगट पकडलं, म्हणजे पुढे सरकवू नको. तिने तो फोटो फार वेळ बघितला.

"पाठ किती वाकलीय माझी," शेवटी ती म्हणाली. "कुणी सांगितलं नाही."

"पुसून टाकू का सगळे? मी न विचारता काढले. तो माझा गुन्हाच आहे."

"ही माशी चांगली आलीय," थोरली म्हणाली. "माशीचे ठेव. माझे पूस."

धाकटीने तिच्यासमोर एकेक पुसला. शेवटचा गेल्यावर थोरली समोर बघत म्हणाली, "त्या दिवशी, यांची फिल्म बघितलीस तेव्हा तुला किती कळलं होतं? खरं सांग."

धाकटीकडे सहा वर्षं घोटलेलं उत्तर होतं. नियम, नोकरी, डॉक्टरांची रजा. ते सगळं तिच्या जिभेवर आलं.

"सगळं," ती म्हणाली. "सगळं कळलं होतं, जाऊबाई."

थोरलीने मान हलवली. जणू इतकंच ऐकायचं होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्या अकरा दिवसांत मी यांच्याकडून फाटक रंगवून घेतलं. दम लागायचा त्यांना, ते बसायचे. मी म्हणायचे, ढोंग करू नका. आळशी म्हटलं मी त्यांना. चार माणसांत म्हटलं." "तू नुसतं म्हणाली असतीस ना, की जाऊबाई, भाऊजींना जरा आराम करू द्या. आजाराचं नाव नव्हतं सांगायचं. एवढंच. तर मी त्यांना उन्हात उभं केलं नसतं."

धाकटीला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं तिला वाटत होतं की भांडण निदान लपवल्याचं आहे. ते फाटक ती रोज येता-जाता बघत होती. त्याचा हिरवा रंग आता कडेकडेने उडाला होता.

"मला सुचायला हवं होतं," ती म्हणाली. "तेवढं म्हणायला कुठला नियम आड येत नव्हता. मी घाबरले. एक शब्द बोलले तर चेहऱ्यावरून तुम्हाला पुढचं सगळं कळेल, असं वाटलं मला."

"कळलं असतं," थोरली म्हणाली.

आत मुलगा बॅग भरत होता, त्याच्या कपाटाची दारं वाजत होती. धाकटी हळूच म्हणाली, "मी तुम्हाला इस्पितळात नेलं, त्यामुळे ते फिटलं असं मी समजत नाही."

"फिटलेलं नाहीच. ते वेगळं, हे वेगळं." थोरलीने पदराने नाही, गाऊनच्या बाहीने डोळे पुसले. "त्याबद्दल माझा राग आहे, तो असू दे. आणि याबद्दल... पातेलं जाळलं होतं मी. घर जाळलं असतं. ते मला कळतं."

मुलगा जहाजावर परत गेला. त्यानंतर दोघी रोज बोलायला लागल्या असं काही झालं नाही. पण धाकटी परसात आली की थोरली आत जाईनाशी झाली. सकाळी भिंतीवरून गोळ्यांच्या डब्याचं आजचं रिकामं घर दाखवायची आणि म्हणायची, "घेतली. लिहून ठेव हवं तर." कधी कधी ती तेच दोनदा दाखवायची. तेव्हा धाकटी दोन्ही वेळा "बरं" म्हणायची. मग थोरलीच ओळखायची आणि म्हणायची, "मघाशी दाखवलं होतं ना? सांगायचं मग. गप्प बसू नकोस बाई तू." त्यानंतर धाकटी लगेच सांगू लागली. "दाखवलंत, जाऊबाई." थोरलीला ते आवडायचं नाही, पण तिला तेच हवं होतं.

एका सकाळी थोरली निराळेच कपडे घालून भिंतीशी आली. केस नीट बांधलेले, गळ्यात मोत्यांची बारीक माळ.

"माझा एक फोटो काढ. मुलाला पाठवायचाय. समोरून काढ, आणि मला सांगून काढ. झारी-बिरी काही नको त्यात."

धाकटीने खुर्ची मांडली, उन्हाकडे बघितलं, खुर्ची दोनदा फिरवली. थोरली ताठ बसली, जमेल तेवढी. "हसवू नकोस मला. दात नीट नाहीत माझे."

"तोंड मिटूनच बसा. हनुवटी जरा वर."

धाकटीने डोळा लावला आणि नेमकी त्याच वेळी थोरलीच्या डोक्यावरच्या तारेवर बुलबुलांची जोडी येऊन बसली. एकाच्या चोचीत जिवंत सुरवंट होता आणि दुसरा पंख फडफडवत तो मागत होता. असलं दृश्य धाकटीला चार वर्षांत सापडलं नव्हतं. तिचा कॅमेरा आपसूक वर गेला.

"इकडे बघ," थोरली ओरडली. "मी इथे खाली आहे!"

बुलबुल उडाले. धाकटीने मुकाट्याने कॅमेरा खाली आणला. पहिल्या फोटोत थोरलीचे डोळे मिटले, दुसऱ्यात ती रागावलेली दिसत होती, तिसऱ्यात माळ वाकडी झाली. थोरलीने प्रत्येक फोटो मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून बघितला आणि परत केला. "पुन्हा," ती म्हणाली, आणि धाकटीने पुन्हा काढला. दहाव्या फोटोला थोरली म्हणाली, हा चालेल. मग थोडं थांबून म्हणाली की नको, आणखी एक काढू.